मीठ, गंज आणि गाडीचा रंग: हिवाळी रस्त्यावरची कारणमीमांसा



आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गाडीच्या रंगावर काय बोलणार? उत्तर सोपं आहे. गंज ही कारण आणि कार्य यांच्या नात्याची गोष्ट आहे, आणि कारण म्हणजे नेमकं काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. शिवाय आज ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, बफेलो अशा गावांत राहतात. तिथे दर हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि काही वर्षांत गाडीच्या दारांच्या खालच्या कडा तपकिरी दिसायला लागतात. शिकायला गेलेली मुलं तर बहुधा जुनी गाडी घेतात, म्हणजे गाडीबरोबर आधीच्या मालकाचे हिवाळेही विकत घेतात. तेव्हा विषय घरचाच आहे.

तीन टप्प्यांत बोलतो. रस्त्यावर मीठ का टाकतात, ते गाडीचं नेमकं काय करतं, आणि आपण काय करायचं. शेवटी प्रश्न घेऊ.

मीठ रस्त्यावर येतं कशासाठी

शुद्ध पाणी 0 अंश सेल्सियसला गोठतं. त्यात मीठ विरघळलं की गोठण्याचं तापमान खाली जातं. मिठाचं प्रमाण वजनाने साधारण 23 टक्के असेल, तर ते द्रावण उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहू शकतं. ही झाली प्रयोगशाळेतली मर्यादा. प्रत्यक्षात रस्ता उणे 10 अंशांच्या आसपास गेला की साधं मीठ फार मंद काम करतं. म्हणून कडक थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. हे दोघे साध्या मिठाचे भाऊच, पण जास्त चिवट. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

हे मीठ येतं कुठून? आपल्याकडे मीठ म्हटलं की उरण-वसईची मिठागरं डोळ्यांपुढे येतात. समुद्राचं पाणी उन्हात आटवून काढलेलं मीठ. उत्तर अमेरिकेतलं रस्त्यावरचं मीठ बहुतांशी जमिनीखालच्या खडकातलं असतं, म्हणजे आपल्या सैंधवाच्या जातीचं. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून जास्त खोलीवर मिठाची खाण आहे. कॅनडात ओंटारियोमधल्या गॉडरिच इथली खाण ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली पसरली आहे. जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणून ती ओळखली जाते. अमेरिकेत वर्षाला सुमारे 2 कोटी टन आणि कॅनडात सुमारे 50 लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं, असा अंदाज सांगितला जातो.

आता या मिठाला शिव्या देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. ते टाकलं नाही तर गाड्या घसरतात आणि माणसं मरतात. गाडीचा पत्रा खाणारं मीठच त्या गाडीतल्या माणसाचा जीव वाचवत असतं. त्यामुळे मीठ बंद करा हा काही आपला मुद्दा नाही. मीठ असणारच आहे. त्याच्यासोबत नांदायचं कसं, एवढाच प्रश्न.

रंग म्हणजे काय असतं

आपण सरसकट 'रंग' म्हणतो, पण तो थरांचा आहे. सगळ्यात खाली पोलादी पत्रा. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याच्यावर जस्ताचा मुलामा. मग फॉस्फेटची प्रक्रिया, म्हणजे पुढचा थर घट्ट धरावा यासाठी केलेली तयारी. मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने कोपऱ्या-कोपऱ्यात बसवलेला थर. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर, ज्याला क्लिअरकोट म्हणतात.

हे सगळं मिळून जाडी किती? साधारण 100 ते 150 मायक्रॉन. म्हणजे वहीच्या एक-दीड कागदाइतकी! एवढ्याशा कागदाच्या एका बाजूला लोखंड आहे आणि दुसऱ्या बाजूला ओंटारियोचा जानेवारी.

मग मीठ करतं काय

इथे एक गैरसमज दूर करू. मीठ रंगाला खातं, असं लोक म्हणतात. धडधाकट क्लिअरकोटवर मिठाचं पाणी आठवडाभर राहिलं, तरी रंगाला फारसं काही होत नाही. तो पांढरा पापुद्रा दिसायला वाईट दिसतो, पण धुतला की जातो. खरं नुकसान होतं ते जिथे थर तुटलेला असतो तिथे. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बोनेटवर आपटतो आणि रंगाचा टवका उडतो. तांदळाच्या दाण्याएवढा. त्या दाण्याएवढ्या खिडकीतून गोष्ट सुरू होते.

न्यायदर्शनात कारणांची फोड करतात. ज्याच्यातून कार्य घडतं ते एक कारण, जे ते घडवून आणतं ते दुसरं, आणि या मुख्य कारणांना हातभार लावतं ते सहकारी कारण. गंजाला ही फोड छान लागू पडते. लोखंड आहे, पाणी आहे, हवेतला ऑक्सिजन आहे. हे तिघं एकत्र आले की गंज धरणारच, मीठ असो वा नसो. मीठ हा सहकारी. पण कसला सहकारी! गंजताना धातूच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो. शुद्ध पाण्यातून तो अडखळत जातो. पाण्यात मीठ आलं की त्याचा हमरस्ता होतो. शिवाय मिठातला क्लोराइड धातूवरची नैसर्गिक संरक्षक साय फोडतो.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात याचा एक साधा प्रयोग करून दाखवला. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात असं रसायन घालायचं, की लोखंड विरघळेल तिथे निळा रंग येईल आणि ऑक्सिजन खर्ची पडेल तिथे गुलाबी. काय दिसतं? थेंबाच्या कडेला गुलाबी वर्तुळ आणि मधोमध निळा डाग. म्हणजे हवा जिथे भरपूर पोचते ती कड शाबूत राहते, आणि हवा जिथे कमी पोचते तो मधला भाग खाल्ला जातो.

आपल्या अंदाजाच्या हे अगदी उलट आहे. आपल्याला वाटतं, उघडं पडलेलं गंजेल आणि झाकलेलं वाचेल. पण मडगार्डच्या आतल्या घडीत चिखलाचा जो लेप बसतो, तो मिठाचं पाणी धरून ठेवतो, हवा अडवतो, आणि त्याच्याखालचा पत्रा आधी जातो. टवक्याच्या बाबतीतही तेच. गंज टवक्यापुरता थांबत नाही, कडेने रंगाखाली सरकतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो. वरून आपल्याला फोड दिसतो. फोड दिसला याचा अर्थ आत काम बरंच पुढे गेलेलं आहे.

आता त्या चिवट भावांकडे येऊ. साधं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, पण त्यासाठी हवेत सुमारे 75 टक्के आर्द्रता लागते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडला 30-35 टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या दिवशीसुद्धा गाडीच्या सांध्यांमध्ये ओल टिकून राहते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी ते दिसत नाही, पण कुठूनही चाखलं तरी खारटच लागतं. तिथला विषय ब्रह्माचा आहे, आपला पत्र्याचा. पण निरीक्षण जसंच्या तसं लागू आहे: दिसेनासं झालेलं मीठ गेलेलं नसतं.

काय करायचं: थंडीआधी

सहकारी कारण काढून टाका, किंवा ते मुख्य कारणांपर्यंत पोचू देऊ नका. सगळे उपाय या एका वाक्यात बसतात.

ऑक्टोबरमध्ये, हवा 10 अंशांच्या वर असताना, गाडी स्वच्छ धुवा आणि उजेडात टवके शोधा. बोनेटची पुढची कड, चाकांमागचा भाग, दारांच्या कडा. टवक्यात गंज असेल तर आधी तो बारीक पॉलिश कागदाने पूर्ण काढा, मग गंजरोधक प्रायमर, मग गाडीच्या रंगाच्या नंबरप्रमाणे मिळणारा टच-अप रंग, मग क्लिअरकोट. प्रत्येक थर नीट वाळू द्या. गंजावर नुसता रंग फासला तर आपण गंजाला पांघरूण घातलं, एवढंच होतं. मेणबत्तीएवढ्या जागेसाठी कंटाळा करू नका. माझ्या मते सबंध वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

त्यानंतर वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा वॅक्स चमक छान देतं, पण टिकतं महिना-दोन महिने. कृत्रिम सीलंट साधारण चार-सहा महिने टिकतं, म्हणजे एक हिवाळा निघतो. वॅक्सचं काम काय, तर पाणी आणि घाण चिकटू न देणं. खडा अडवणं हे त्याचं काम नाही. खड्यासाठी पारदर्शक फिल्म मिळते. ती महाग असते, त्यामुळे सबंध गाडीला न लावता बोनेटच्या पुढच्या कडेला आणि दारांखालच्या पट्टीला लावली तरी मोठा फरक पडतो. चाकांमागे मड-फ्लॅप बसवा. ते स्वस्त आणि मस्त.

गाडीच्या पोटाला तेलकट गंजरोधक फवारा दरवर्षी मारून घेण्याची ओंटारियोत पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. तेल फटींत झिरपतं आणि पाण्याला हटवतं. रबरासारख्या जाड, कडक लेपाबद्दल मात्र सावध राहा. त्याला तडा गेला की त्याच्यामागे खारं पाणी अडकतं. इव्हान्सचा थेंब आठवा. कुठलाही फवारा मारला तरी दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती बुजली नाहीत ना, हे बघून घ्या.

थंडीत

दहा-पंधरा दिवसांतून एकदा धुणं हा नियम ठेवा. मोठ्या हिमवर्षावानंतर रस्ते कोरडे झाले की एकदा जास्तीचं. 0 अंशाच्या वरचा दिवस आणि दुपारची वेळ निवडा. कडाक्याच्या थंडीत धुतलंत तर दारांची रबरं आणि कुलपं गोठतील. रबरांना आधीच सिलिकॉन ग्रीस लावून ठेवा.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी नुसतं पाणी, हात न लावता. मिठाचे कण आणि वाळू सुटण्याआधी कापड फिरवलंत, तर तुम्ही पॉलिश कागदच फिरवताय. मग चाकांच्या कमानींत आणि गाडीच्या पोटाला खालून वर फवारा. मग गाडीच्या शाम्पूने, दोन बादल्या घेऊन. एक साबणाची, एक हातमोजा खळबळून घ्यायची. भांडी घासायचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. धुलाई केंद्रात गेलात तर पोटाकडून धुणारा पर्याय घ्या, आणि शेवटचं पाणी ताजं आहे ना, हे विचारा. काही ठिकाणी पाणी गाळून फिरवतात, आणि गाळण्याने विरघळलेलं मीठ जात नाही. धुऊन झाल्यावर दारं उघडून कडा पुसा.

गरम पाणीच हवं का? मिठासाठी नको. 100 ग्रॅम पाण्यात 0 अंशाला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात सुमारे 39. फरक नगण्य. गरम पाणी तेलकट घाणीसाठी. काही जण खाण्याचा सोडा घालून मीठ 'मारायला' सांगतात. आम्लाला सोड्याने मारता येतं; मीठ आम्ल नाही. त्याला भरपूर पाणी पुरतं.

दोन छोट्या गोष्टी. रंगावरचा बर्फ फोमच्या ब्रशने ढकला, काचेचं खरवडणं पत्र्यावर फिरवू नका. आणि बुटांबरोबर आत आलेलं मीठ विसरू नका. ते वितळून गालिच्यात मुरतं आणि गाडीचा तळ आतून गंजायला लागतो. खोलगट रबरी मॅट टाका, आणि ती बाहेर नेऊन ओता.

थंडी गेल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये लोक सुस्कारा सोडतात, आणि इथेच चुकतात. थंडीत गंजाची रासायनिक क्रिया मंद असते. वसंतात ऊब येते, दमट हवा येते, आणि सांध्यांत साठलेलं मीठ तिथेच असतं. त्यामुळे हिवाळ्यानंतरची पहिली सणसणीत धुलाई, विशेषतः पोटाची, ही सगळ्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची धुलाई समजा.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सिरॅमिक कोटिंग केलं की वॅक्स, धुणं या सगळ्यातून सुटका होते का?

उत्तर: काही वर्षं वॅक्सपासून होते, धुण्यापासून नाही. सिरॅमिक कोटिंग हे जास्त टिकाऊ वॅक्स समजा. त्याची जाडी फारच थोडी असते, खडा त्याला जुमानत नाही. आणि ते गाडीच्या पोटाला, सांध्यांना लागलेलं नसतं. गंज तर तिथूनच येतो.

प्रश्न: आमचं गॅरेज गरम असतं. गाडी रोज आत ठेवतो, ते चांगलं ना?

उत्तर: तुमच्यासाठी चांगलं, पत्र्यासाठी नेहमीच नाही. बाहेर गोठलेला चिखल आत वितळतो, खारं पाणी उबदार हवेत रात्रभर पत्र्याला लागून राहतं. गरम गॅरेजमध्ये गाडी ठेवायची तर आत नेण्याआधी किंवा आत नेल्यावर पोट धुवा आणि हवा खेळती ठेवा. नाहीतर थंड, कोरडं गॅरेज बरं.

प्रश्न: बॅटरीला जोडायचं एक विजेचं यंत्र मिळतं, त्याने गंज थांबतो म्हणतात.

उत्तर: कल्पना जुनी आणि खरी आहे, जागा चुकीची आहे. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं. पण जहाज समुद्रात बुडालेलं असतं; विजेचं वर्तुळ पाण्यातून पूर्ण होतं. रस्त्यावरची गाडी पाण्यात बुडालेली नसते. इथे काही थेंब, तिथे काही ओल, मधे कोरडी जागा. वर्तुळ पूर्ण होणार कसं? त्या पैशात दोनदा तेलाचा फवारा मारून घ्या. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा मात्र डेव्हींचंच तत्त्व वापरतो. तो पत्र्याला चिकटून असल्यामुळे थेंबभर ओलीतही काम करतो, स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीचे. आमच्याकडे बर्फ नाही, पण गाड्या गंजतातच.

उत्तर: खारा वारा! घराच्या खिडकीचे गज कसे जातात ते तुम्ही पाहताच. कारण तेच, क्लोराइड आणि ओल. फरक इतकाच की तुमचं मीठ सगळीकडे बारीक बसतं आणि ऋतू बारमाही आहे. टवके भरा, गोड्या पाण्याने वरचेवर धुवा. पावसाळा वरचं धुतो, मडगार्डच्या आतलं तुम्हालाच धुवावं लागतं.

प्रश्न: आपण धुतलेलं मीठ शेवटी नदीत जातं, त्याचं काय?

उत्तर: जातंच. कॅनडा सरकारने 2001 मध्ये केलेल्या मूल्यमापनात रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक ठरवलं आहे. रस्त्यावरून वाहून जाणाऱ्या मिठाच्या मानाने आपल्या गाडीवरचं चिमूटभर आहे. तरी घरासमोर धुऊन साबण आणि तेल पावसाळी गटारात सोडू नका. बऱ्याच शहरांत त्याला मनाईही आहे. धुलाई केंद्रातलं पाणी सहसा सांडपाण्याच्या वाहिनीत जातं. आणि स्वतःच्या दारात मीठ टाकताना पसाभर पुरत असेल तर घमेलंभर टाकू नका. दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी कमी होतात.

प्रश्न: माझा मुलगा पुढच्या महिन्यात मिशिगनमध्ये जुनी गाडी घेणार आहे. त्याने काय बघावं?

उत्तर: हा प्रश्न आला ते फार बरं झालं. त्याला म्हणावं, रंगाच्या चमकीवर जाऊ नकोस. दाराखालची पट्टी बोटांनी चाचपून बघ, फोड आहेत का. चाकांच्या कमानींची आतली कड बघ. मॅट उचलून गालिचा ओला आहे का बघ. पोटाला नुकताच काळा लेप दिलेला असेल तर तो का दिला, हे विचार. आणि मग मेकॅनिककडून गाडी उचलून ब्रेकचे पाईप तपासून घे. हे पाईप पोलादी असतात, पोटाखालून जातात, आणि मिठाने कुजतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जुन्या गाड्यांच्या गंजून फुटणाऱ्या ब्रेक पाईपांची काही वर्षं चौकशी केली आणि 2015 मध्ये मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या वाहनचालकांना सूचना दिली, की गाडीचं पोट नियमित धुवा आणि पाईप तपासून घ्या. ब्रेकचं पेडल एकदम मऊ लागलं, खाली गेलं, तर गाडी पुढे नेऊ नकोस.

रंग हे गाडीचं बोलकं अंग आहे. तिथे फोड दिसला की खाली पाईपांकडे वाकून बघायचं, एवढं त्याला आजच फोन करून सांगा.